कंपनीच्या ईमेलवर पहारा बसवताय? सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी एवढं तपासा

टेमघर म्हटलं की ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला पाणी आठवतं. उल्हास नदीचं पाणी शहाडला उचलायचं, टेमघरला शुद्ध करायचं आणि तिथून ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरकडे पाठवायचं. हे काम करणाऱ्या संस्थेला सगळे 'स्टेम' म्हणतात, आणि ते नाव शहाड-टेमघर यावरूनच आलंय. नदीचं पाणी कुणी थेट नळाला सोडत नाही. मध्ये गाळणी असते, तपासणी असते आणि किती पाणी आलं, किती गेलं याची नोंद असते.

आता याच टेमघरच्या आसपास बघा. राजनोली, मानकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे अशा पट्ट्यात गोदामंच गोदामं आहेत. प्रत्येक गोदामाच्या ऑफिसात रोज ईमेलचा लोंढा येतो. डिलिव्हरी ऑर्डर, ई-वे बिल, बिल्टीची कॉपी, पार्टीचं बिल, बँकेचा निरोप. बऱ्याच ठिकाणी हे 'पाणी' थेट नदीतूनच येतं. मध्ये गाळणी नाही, नोंदही नाही.

मग एक दिवस कुणाचे तरी पैसे चुकीच्या खात्यात जातात आणि मालक म्हणतो, "ते ईमेलवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर असतं ना, ते आणा." विक्रेता येतो, लॅपटॉपवर रंगीत आलेख दाखवतो आणि कोटेशन ठेवून जातो. पण घ्यायचं काय आणि पारखायचं कसं? तेच आज समजून घेऊ.

आधी ठरवा, लक्ष कशावर ठेवायचंय?

'ईमेल मॉनिटरिंग' या एकाच नावाखाली पाच वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिली वस्तू तब्येत बघणारी. सर्व्हर चालू आहे का, मेल रांगेत अडकलेत का, पाठवलेला मेल समोरच्याला पोहोचला का, एवढंच ती सांगते. मेलमध्ये काय लिहिलंय याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

दुसरी म्हणजे गाळणी. बाहेरून येणारा प्रत्येक मेल तपासायचा आणि फसवी लिंक, व्हायरस असलेली फाइल, खोटा पत्ता सापडला की तो बाजूला काढायचा.

तिसरी बाहेर जाणाऱ्या मालावर नजर ठेवते. ग्राहकांची यादी, दरपत्रक, आधार किंवा पॅन क्रमांक कंपनीबाहेर निघाले तर अडवायचं. तांत्रिक भाषेत याला 'डेटा लॉस प्रिव्हेन्शन' म्हणतात.

चौथी म्हणजे दफ्तर. प्रत्येक मेलची एक प्रत वेगळी ठेवायची, म्हणजे उद्या वाद झाला, कोर्टकचेरी झाली तर पुरावा हाताशी राहतो.

पाचवी थेट माणसावर नजर ठेवते. कोण कधी लॉगिन झालं, कुणी कुणाला किती मेल केले, काय लिहिलं. यातली काही सॉफ्टवेअर स्क्रीनचे फोटोसुद्धा काढतात.

तुमचा प्रश्न 'खोट्या बिलामुळे पैसे गेले' हा असेल, तर पाचवी वस्तू घेऊन काहीच उपयोग नाही. तुम्हाला दुसरी हवी. उलट, सेल्समन दरपत्रक घेऊन पळतो अशी शंका असेल, तर दुसरी वस्तू कितीही भारी असली तरी ते तिला दिसणार नाही. म्हणून कोटेशन मागवायच्या आधी एका कागदावर एकच वाक्य लिहा: आम्हाला नेमकं काय थांबवायचंय?

मुंबईतला १३० कोटींचा धडा

२०१९ च्या जानेवारीत एक बातमी आली. इटलीच्या टेक्निमाँट या अभियांत्रिकी कंपनीच्या भारतातल्या शाखेला, म्हणजे मुंबईच्या ऑफिसला, ईमेलच्या जोरावर १ कोटी ८६ लाख डॉलरला फसवलं गेलं होतं. रुपयांत सुमारे १३० कोटी.

बातम्यांनुसार पद्धत अशी होती. इटलीतल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या पत्त्याशी हुबेहूब जुळणाऱ्या पत्त्यावरून भारतातल्या प्रमुखाला मेल आले. चीनमध्ये एका कंपनीचा गुप्त सौदा चाललाय, इटलीतून पैसे पाठवायला नियमांची अडचण आहे, तुम्ही भारतातून पाठवा, असा निरोप. खात्री पटावी म्हणून चक्क कॉन्फरन्स कॉलसुद्धा लावले, त्यात खोटे अधिकारी आणि खोटा वकील. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आठवडाभरात तीन हप्त्यांत पैसे हाँगकाँगच्या बँकांत गेले.

सॉफ्टवेअरने हे पकडलं असतं का? अर्धं.

पत्ता 'जुळणारा' होता, तोच नव्हता. एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेला पत्ता माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, पण गाळणीला दिसू शकतो. 'हा मेल बाहेरून आलाय, पण नाव तुमच्या साहेबाचं आहे', असा लाल पट्टा आज बरीच सॉफ्टवेअर लावतात. मात्र फोनवर बोलणारा खोटा वकील कुठल्याही ईमेल सॉफ्टवेअरच्या कक्षेत येत नाही.

हा प्रकार जगभर चालतो. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात अशा व्यावसायिक ईमेल फसवणुकीच्या २१ हजारांहून जास्त तक्रारी आल्या आणि त्यांतलं नुकसान जवळपास २९० कोटी डॉलरचं होतं.

पैसे खर्च करण्याआधीची तीन कुलपं

विक्रेता हे सहसा आधी सांगत नाही, पण ईमेलच्या व्यवस्थेत तीन कुलपं आधीच असतात. ती लावायला वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागत नाही. डोमेनच्या सेटिंगमध्ये काही ओळी भरायच्या असतात.

एसपीएफ ही यादी आहे. 'आमच्या कंपनीच्या नावाने मेल पाठवायची परवानगी या या सर्व्हरना आहे,' असं ती जगाला सांगते. डीकेआयएम म्हणजे मोहोर. मेल वाटेत बदलला तर मोहोर जुळत नाही. डीमार्क हा हुकूम आहे: या तपासण्यांत मेल नापास झाला तर काय करायचं? नुसतं कळवायचं, संशयितांच्या कप्प्यात टाकायचा की दारातूनच परत पाठवायचा?

बऱ्याच कंपन्या पहिल्या पायरीवर, म्हणजे 'नुसतं कळवा' यावरच वर्षानुवर्षं थांबतात. ते म्हणजे वॉचमन ठेवायचा आणि त्याला कुणालाही अडवू नकोस असं सांगायचं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही कुलपं बंधनकारक केली आहेत. तुमच्या डोमेनला ती लागली आहेत का, हे तुमच्या आयटीवाल्याला आजच विचारा.

पण एक लक्षात ठेवा. ही कुलपं तुमच्या नावाने होणारी तोतयेगिरी रोखतात. तुमच्या पार्टीचा खरा ईमेलच कुणी हॅक केला असेल आणि त्याच जुन्या मेलच्या साखळीत 'आमचं बँक खातं बदललंय' असा निरोप आला, तर यादी बरोबर, मोहोर बरोबर, हुकूमही पाळलेला. असा मेल भल्याभल्या गाळण्यांतून पार होऊ शकतो. त्यावर एकच भरवशाचा इलाज आहे. खातं बदलल्याचा निरोप आला की पार्टीच्या जुन्या, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर कधीच नाही.

'९९ टक्के अचूक' म्हणजे नेमकं काय?

आता कुलपं लावली आणि सॉफ्टवेअर घ्यायचंच ठरलं. विक्रेता म्हणेल, आमची अचूकता ९९ टक्के. इथे वही-पेन घ्या.

समजा तुमच्याकडे १०० माणसं आहेत आणि दिवसाला ५,००० मेल येतात. त्यांतले १० खरोखर धोकादायक आहेत. सॉफ्टवेअर १० पैकी ९ पकडतं, आणि उरलेल्या ४,९९० चांगल्या मेलपैकी फक्त १ टक्का चुकून अडवतं. ऐकायला छान वाटतं. पण ४,९९० चा १ टक्का म्हणजे जवळजवळ ५०. म्हणजे रोज ५९ मेल अडले, त्यांतले ५० निर्दोष.

त्या ५० मध्ये एखादी डिलिव्हरी ऑर्डर असते. गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर ताटकळलेला आणि मेल संशयितांच्या कप्प्यात. असं दोन-चार वेळा झालं की वैतागून कुणीतरी 'सगळंच सोडा' असं सेटिंग करून ठेवतं. मग सॉफ्टवेअरचं भाडं चालू राहतं आणि पहारा बंद पडतो.

तेच चुकीचं प्रमाण १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आलं, तर निर्दोष मेल अडतात फक्त ५ च्या आसपास. अडलेल्या १४ पैकी ९ खरे चोर. हे रोज बघणं एका माणसाला जमतं. म्हणून विक्रेत्याला 'किती पकडता?' एवढंच विचारू नका. 'चांगले किती अडवता, आणि अडलेला मेल सोडवायला किती वेळ लागतो?' हेही विचारा.

महिनाभराची चाचणी कशी घ्याल?

अनेक कंपन्या चाचणीसाठी काही आठवडे सॉफ्टवेअर फुकट देतात. तो काळ नुसता जाऊ देऊ नका.

एक, सुरुवातीला सॉफ्टवेअरला फक्त बघू द्या, अडवू देऊ नका. त्याने कशावर बोट ठेवलं याची यादी रोज तपासा.

दोन, निरुपद्रवी नमुने वापरा. व्हायरस पकडला जातो का हे बघायला 'ईकार' नावाची एक चाचणी फाइल मिळते. ती काहीही बिघडवत नाही, पण व्हायरस शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने तिला व्हायरस म्हणूनच ओळखायचं असतं. ती साधी पाठवा, झिप करून पाठवा, पासवर्ड लावून झिप करून पाठवा. तिसऱ्या वेळी सॉफ्टवेअर काय करतं? आत बघता येत नाही म्हणून थांबवतं, की आत बघता येत नाही म्हणून सोडून देतं?

तीन, मराठीत परीक्षा घ्या. ही गोष्ट हमखास राहून जाते. 'तुमचं वीजबिल थकलंय, आज रात्री लाइन कट होईल' असा मेल देवनागरीत पाठवा, मग हाच मजकूर रोमन अक्षरांतल्या मराठीत, मग हिंदीत. इंग्रजीत पटाईत असलेली गाळणी इथे अडखळू शकते. बाहेर जाणाऱ्या मालासाठी तर आणखी एक पेच आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल आपल्याला पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली अक्षरं इंग्रजी चिन्हांची खिचडी असते. 'गोपनीय' हा शब्द शोधायला सांगितलेल्या सॉफ्टवेअरला त्या फाइलमध्ये तो शब्द सापडतच नाही. तुमच्या ऑफिसात असे जुने फाँट अजून चालत असतील तर हे आधी तपासा.

चार, आतल्या खाणाखुणा पकडतं का ते बघा. एखाद्याचा पासवर्ड चोरला की चोर बऱ्याचदा गुपचूप एक नियम लावून ठेवतो. 'बिल' किंवा 'पेमेंट' असा शब्द असलेला मेल आला की तो बाहेरच्या पत्त्यावर पाठव आणि इनबॉक्समधून गायब कर. चाचणीत असा नियम स्वतःच लावून बघा. इशारा आला का? किती वेळात आला? आला तो कुणाच्या मोबाइलवर, की कुणी कधीच न उघडणाऱ्या डॅशबोर्डवर?

पाच, एकाच आयडीवर किती जण बसतात ते मोजा. गोदामात 'डिस्पॅच' नावाचा एक ईमेल असतो आणि तीन पाळ्यांतले चार-पाच जण तोच पासवर्ड वापरतात. अशा ठिकाणी सॉफ्टवेअर सांगेल, 'रात्री दोन वाजता डिस्पॅचने फाइल पाठवली.' पण डिस्पॅच म्हणजे कोण? आधी प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन आणि ओटीपीसारखी दुसरी पडताळणी द्या. नाहीतर सगळी नोंद कागदावरच राहते.

पहारेकरीच फुटला तर?

ईमेल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तुमचा प्रत्येक मेल दिसतो. म्हणजे चोराच्या दृष्टीने सगळ्यात मौल्यवान जागा तीच.

बाराकुडा या कंपनीचं ईमेल तपासणारं उपकरण जगभर वापरलं जायचं. २०२३ च्या मे महिन्यात कळलं की त्यातल्या एका त्रुटीचा हल्लेखोर ऑक्टोबर २०२२ पासूनच फायदा घेत होते. आलेली जोडफाइल तपासायला म्हणून ते यंत्र ती उघडायचं, आणि तिथेच हल्लेखोर आत शिरायचे. जूनमध्ये कंपनीने ग्राहकांना कळवलं की बाधित यंत्रं दुरुस्त करत बसू नका, बदलूनच टाका.

त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्सचं प्रकरण झालं. नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या त्यांच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच घुसखोरांनी आपला कोड मिसळला होता. सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत ते अपडेट पोहोचलं असावं, असा अंदाज खुद्द कंपनीने दिला. त्या मोहिमेत अमेरिकेच्या अर्थखात्यातले ईमेलसुद्धा वाचले गेले.

म्हणून विक्रेत्याला हे प्रश्न लेखी विचारा. आमच्या मेलच्या प्रती कुठल्या देशात राहतात? तुमचे किती कर्मचारी त्या बघू शकतात? आमच्या बाजूने कुणी मेल उघडून वाचला तर त्याची न पुसता येणारी नोंद राहते का? तुमचा सर्व्हर बंद पडला तर आमचे मेल थांबतात, हरवतात की थेट येतात? आणि करार संपल्यावर आमचा डेटा किती दिवसांत पुसला जातो? यांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर आलेख कितीही सुंदर असोत, पुढे जाऊ नका.

आणि कर्मचाऱ्यांचं काय?

कंपनीचा ईमेल कंपनीचा, हे खरं. पण माणूस त्याच मेलवरून कधीतरी पगाराची तक्रार करतो, आजारपणाचे रिपोर्ट पाठवतो, दुसरीकडे नोकरीसाठी अर्जही करतो. अमेरिकेतली एनरॉन कंपनी २००१ मध्ये बुडाली. चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाने २००३ मध्ये तिथले ईमेल जाहीर केले. त्या साठ्याची संशोधक वापरतात ती प्रत सुमारे १५० जणांची, पाच लाखांच्या आसपास मेलची आहे. घोटाळ्याशी संबंध नसलेल्यांचे खासगी निरोपही त्यात जगासमोर आले. जपून ठेवलेला प्रत्येक मेल उद्या कुणीतरी वाचू शकतं, एवढं त्यातून लक्षात घ्यायचं.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, उदाहरणार्थ व्यापारी गुपितं जपण्यासाठी, कर्मचाऱ्याचा डेटा वेगळी संमती न घेता वापरायची मुभा आहे. पण त्याच कायद्यात डेटा नीट सांभाळला नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत.

युरोपातला एक निकाल इथे बंधनकारक नाही, पण वाट दाखवतो. रोमानियात बार्बुलेस्कू नावाच्या कर्मचाऱ्याला ऑफिसच्या मेसेंजरवर खासगी गप्पा मारल्या म्हणून २००७ मध्ये काढलं. ५ सप्टेंबर २०१७ ला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने त्याच्या बाजूने कौल दिला. न्यायालयाने विचारलेले प्रश्न साधे होते. लक्ष ठेवणार हे आधी सांगितलं होतं का? किती खोलवर बघितलं? त्याला ठोस कारण होतं का? कमी घुसखोरीने काम भागलं नसतं का?

हेच चार प्रश्न तुमच्या ऑफिसच्या सूचनेत उतरवा. एक पान पुरेसं आहे आणि ते मराठीत असू द्या. काय तपासलं जातं, काय तपासलं जात नाही, कोण बघू शकतं, किती दिवस ठेवतात. एखाद्याचा मेल उघडून वाचायचाच असेल तर दोन जणांची लेखी मंजुरी लागेल, हेही लिहा. एकट्या मालकाच्या किंवा एकट्या आयटीवाल्याच्या हातात सगळ्या चाव्या नकोत.

नोंदी किती दिवस ठेवायच्या?

सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा आहे. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांनी आपल्या संगणक यंत्रणांच्या नोंदी मागच्या १८० दिवसांच्या ठेवायच्या आहेत, आणि ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचे आहेत. स्वस्तातली योजना ३० दिवसांच्याच नोंदी ठेवत असेल तर ती इथेच बाद होते. किंमत विचारताना १८० दिवसांचा साठा धरूनच विचारा. शिवाय 'अकाउंट्स', 'डिस्पॅच' असे सामाईक मेलबॉक्स वेगळे मोजणार का, हेही विचारा. दर मेलबॉक्समागे असतो आणि शेवटचा आकडा तिथेच फुगतो.

मग सुरुवात कुठून करायची?

पहिल्या आठवड्यात तीन कुलपं, दुहेरी पडताळणी आणि 'खातं बदललं तर फोन' हा नियम. याला जवळपास खर्च नाही. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना एक पानी सूचना. त्यानंतर दोन विक्रेत्यांचं सॉफ्टवेअर महिनाभर चाचणीला, एकाच प्रश्नपत्रिकेवर. आणि चाचणी संपताना एका माणसाचं नाव ठरवा, जो रोज सकाळी अडलेले मेल बघेल. असा माणूस नसेल तर सॉफ्टवेअर घेऊ नका, ते पैसे माणसं शिकवायला वापरा.

आणि एवढं करूनही पैसे गेलेच, तर आयटीवाल्याची वाट बघत बसू नका. लगेच १९३० वर फोन करा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात. ते गोठवायची संधी पहिल्या काही तासांतच सगळ्यात जास्त असते. त्या घाईत मूळ मेल मात्र डिलीट करू नका, नुसता फॉरवर्डही करू नका. तो आहे तसा जपून ठेवा. मेल खरोखर कुठून आला हे त्याच्या आतल्या तांत्रिक नोंदीत लिहिलेलं असतं, आणि तपासाची पहिली ओळ तिथूनच सुरू होते.